ना तिजोरी, ना तलवार : सरन्यायाधीश जॉन मार्शल

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शासनाची तीन अंगे सांगितलेली असतात. विधिमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते अमलात आणते आणि न्यायमंडळ न्यायनिवाडा करते. पुस्तकातील आकृतीत ही तिन्ही अंगे सारख्या आकाराच्या चौकटींत काढलेली असतात. प्रत्यक्षात पहिल्या दोहोंच्या हाती काही ना काही बळ असते. तिजोरीची किल्ली विधिमंडळाकडे असते. पोलीस आणि सैन्य कार्यकारी मंडळाच्या हुकमतीत असते. न्यायाधीशाकडे एक लेखणी आणि तिने लिहिलेला निकाल, एवढेच. त्या निकालापुढे मंत्री, राज्ये आणि सेनापती मान का तुकवतात? आणि एखाद्या दिवशी त्यांनी ती तुकवली नाही, तर काय होते?

या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचे ठरले तेव्हा हाच प्रश्न आमच्या मनात घोळत होता. त्याचे उत्तर व्याख्येत शोधण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यात शोधावे, असे आम्हाला वाटले. तो माणूस म्हणजे अमेरिकेचे चौथे सरन्यायाधीश जॉन मार्शल. १८०१ ते १८३५ अशी चौतीस वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. त्यांचा देश आपल्यापासून दूर आहे आणि काळही दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. परंतु पारतंत्र्यातून नुकतेच सुटलेले राष्ट्र, नवेकोरे संविधान, आपापल्या अधिकारांना जपणारी राज्ये आणि लोकांनी निवडून दिलेले प्रबळ नेते ही सारी परिस्थिती आपल्याला अनोळखी नाही. म्हणून हे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. ते थोर आहे, आणि सदोषही आहे. त्याचे दोष झाकण्याचा आमचा विचार नाही. कारण या चरित्रातील महत्त्वाचा धडा त्या दोषांशीच जोडलेला आहे.

लाकडी घरातून रणांगणाकडे

जॉन मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजी व्हर्जिनिया वसाहतीच्या सरहद्दीवरील एका वस्तीत झाला. ओंडक्यांच्या घरात वाढलेल्या पंधरा भावंडांत ते थोरले. वडील थॉमस मार्शल जमिनीची मोजणी करण्याचा व्यवसाय करीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. परिसरात शाळा नव्हती. त्यामुळे जॉन यांचे शालेय शिक्षण असे फारच थोडे झाले. एक वर्ष ते घरापासून दूर एका पाद्र्यांच्या शाळेत राहिले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स मन्रो तेथे त्यांचे सहाध्यायी होते. नंतर एक वर्ष घरी राहायला आलेल्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने त्यांना लॅटिन शिकवले. बाकी सारे शिक्षण वडिलांनी आपल्या मोजक्या पुस्तकांच्या आधारे दिले. काव्य, इतिहास आणि इंग्रजी कायद्यावरील ब्लॅकस्टन यांचा ग्रंथ ही त्यांची विद्यापीठे.

१७७५ मध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध युद्ध पेटले आणि विशीही न गाठलेले मार्शल सैन्यात गेले. ब्रँडीवाइन, जर्मनटाउन आणि मॉनमथ येथील लढायांत ते होते. १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्ज येथील छावणीत सैनिकांना पुरेसे अन्न नव्हते, अंगावर कपडा नव्हता, पायांत जोडे नव्हते. तेरा वसाहतींची सरकारे एकमेकांकडे बोट दाखवीत होती आणि मध्यवर्ती काँग्रेसच्या हाती पैसा गोळा करण्याचे साधन नव्हते. कागदावर असलेला अधिकार प्रत्यक्षात किती लुळा असू शकतो, हे मार्शल यांनी त्या छावणीत अनुभवले. आपण व्हर्जिनियाचे नसून साऱ्या अमेरिकेचे आहोत ही भावना तेथेच मनात रुजली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

युद्ध सुरू असतानाच १७८० साली त्यांनी विल्यम अँड मेरी महाविद्यालयात जॉर्ज विथ यांची कायद्यावरील व्याख्याने ऐकली. हे शिक्षण काही महिन्यांचेच. त्याच वर्षी त्यांना वकिलीची सनद मिळाली. १७८३ मध्ये मेरी अँब्लर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि रिचमंड शहरात त्यांनी वकिलीचा जम बसवला. मेरी यांची प्रकृती पुढे कायमची खालावली. त्यांना गलका सहन होत नसे. मार्शल यांनी जवळजवळ पन्नास वर्षे त्यांची मनोभावे काळजी घेतली. बाजारहाट ते स्वतः करीत. साध्या, काहीशा अस्ताव्यस्त कपड्यांत टोपली हातात घेऊन बाजारातून परतणारे मार्शल रिचमंडच्या लोकांना चांगले परिचयाचे होते.

१७८८ मध्ये व्हर्जिनियाने नवे संविधान स्वीकारावे की नाही, यावर मोठे वादंग झाले. त्या सभेत मार्शल यांनी न्यायव्यवस्थेची बाजू मांडली. काँग्रेसने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन कायदा केला, तर न्यायाधीश तो रद्दबातल समजतील, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले. ८९ विरुद्ध ७९ मतांनी संविधान मंजूर झाले. मात्र हा अधिकार न्यायालयाला आहे, असे स्पष्ट कलम त्या संविधानात नव्हते.

कोणी विचारीत नसलेले न्यायालय

मार्शल सरन्यायाधीश होण्यापूर्वीच्या अकरा-बारा वर्षांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला फारसा मान नव्हता. १७९३ मध्ये न्यायालयाने जॉर्जिया राज्याविरुद्ध निकाल दिला, तेव्हा राज्ये खवळली आणि संविधानात दुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. पहिले सरन्यायाधीश जॉन जे हे पद सोडून न्यूयॉर्कचे राज्यपाल झाले. १८०० च्या अखेरीस त्यांना पुन्हा ते पद देऊ करण्यात आले. पण या न्यायालयाला वजन आणि प्रतिष्ठा नाही, असे कारण देऊन त्यांनी ते नाकारले. न्यायाधीशांना वर्षातील बराच काळ घोड्यावर किंवा गाडीत बसून गावोगावी फिरतीवर जावे लागे. वॉशिंग्टन येथे नवी राजधानी वसली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांसाठी भवन उभारले गेले, काँग्रेससाठीही इमारत उभारली गेली. न्यायालयासाठी मात्र कोणी जागाच योजली नव्हती. काँग्रेसच्या इमारतीतील एका लहानशा खोलीत त्याचे कामकाज सुरू झाले. स्वतःची इमारत मिळायला त्या न्यायालयाला १९३५ साल उजाडावे लागले.

अशा पदावर जॉन अ‍ॅडम्स यांनी आपले परराष्ट्रमंत्री असलेल्या मार्शल यांची नेमणूक केली. ४ फेब्रुवारी १८०१ रोजी ते सरन्यायाधीश झाले. त्याच सुमारास अ‍ॅडम्स यांचा पक्ष निवडणूक हरला होता आणि थॉमस जेफर्सन राष्ट्राध्यक्ष होणार होते. जेफर्सन मार्शल यांचे दूरचे नातलग होते; परंतु दोघांचा एकमेकांवर तिळमात्र विश्वास नव्हता.

मार्शल यांनी न्यायालयात केलेला पहिला बदल दिसायला लहान होता. तोवर प्रत्येक न्यायाधीश आपले मत स्वतंत्रपणे वाचून दाखवी. त्यामुळे न्यायालयाने नेमके काय ठरवले, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. मार्शल यांनी एकच निकालपत्र संपूर्ण न्यायालयाच्या नावाने देण्याची प्रथा रूढ केली. अधिवेशनाच्या काळात सर्व न्यायाधीश एकाच खाणावळवजा घरात उतरत, एका पंगतीला जेवत आणि रात्री खटल्यांवर चर्चा करीत. विरुद्ध पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले न्यायाधीशही त्या पंगतीत येऊन बसले आणि बहुधा एकमताने निकाल देऊ लागले. ज्याच्या हाती शस्त्र नाही, त्याचा शब्द तरी एक असला पाहिजे, हे मार्शल यांनी ओळखले होते.

१८०३ चा निकाल

पद सोडण्यापूर्वी अ‍ॅडम्स यांनी घाईघाईने आपल्या पक्षाच्या अनेकांना न्यायिक पदे दिली. विल्यम मार्बरी यांना राजधानीत एक लहानसे दंडाधिकारीपद मिळाले होते. नियुक्तिपत्रावर सही झाली, शिक्का बसला. परंतु ते पत्र त्यांच्या हाती पोहोचले नाही. ते पोहोचवण्याची जबाबदारी परराष्ट्रमंत्री म्हणून खुद्द मार्शल यांच्यावर होती. नव्या सरकारने ती उरलेली पत्रे अडवली. मार्बरी यांनी डिसेंबर १८०१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. आजच्या रीतीप्रमाणे मार्शल यांनी या खटल्यातून बाजूला व्हायला हवे होते. ते झाले नाहीत.

सत्तारूढ पक्षाने १८०२ मध्ये सोळा नवी न्यायाधीशपदे रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाचे अधिवेशनही पुढे ढकलले. चौदा महिने न्यायालय बसलेच नाही. या वातावरणात मार्बरी यांना पत्र द्या असा हुकूम काढला असता, तर सरकारने तो उघड धुडकावला असता. हुकूम न काढता दावा फेटाळला असता, तर न्यायालय भ्याले असे सर्वांनी मानले असते.

२४ फेब्रुवारी १८०३ रोजी मार्शल यांनी निकाल दिला. मार्बरी यांचा त्या पदावर हक्क आहे आणि सरकारने तो डावलला, हे त्यांनी प्रथम स्पष्ट केले. हक्क असेल तेथे कायद्याने उपायही असला पाहिजे, हेही सांगितले. मग त्यांनी वळण घेतले. अशा दाव्याची सुनावणी थेट सर्वोच्च न्यायालयाने करावी, अशी तरतूद काँग्रेसने १७८९ च्या कायद्यात केली होती. परंतु संविधानाने या न्यायालयाला दिलेल्या मूळ अधिकारक्षेत्रात असा दावा येत नव्हता. संविधान आणि साधा कायदा यांत विरोध आला, तर संविधानच श्रेष्ठ. म्हणून ते कलम रद्दबातल आणि मार्बरी यांचा अर्ज नामंजूर.

मार्बरी यांना पद कधीच मिळाले नाही. जेफर्सन यांना निकाल मोडण्याची संधीच मिळाली नाही, कारण पाळण्यासारखा हुकूमच त्यात नव्हता. मात्र कायदा संविधानाच्या कसोटीवर पारखण्याचा अधिकार न्यायालयाच्या पदरात पडला. त्याच्या पुढच्याच आठवड्यात न्यायाधीशपदे रद्द करणारा कायदा न्यायालयाने एकमताने वैध ठरवला. तो खटला खालच्या न्यायालयात स्वतः ऐकलेला असल्याने मार्शल त्यात सहभागी झाले नाहीत. काँग्रेसचा कायदा रद्द करण्याचा अधिकार मिळवूनही मार्शल यांच्या उरलेल्या बत्तीस वर्षांत तो पुन्हा एकदाही वापरला गेला नाही. राज्यांचे अनेक कायदे मात्र त्यांच्या न्यायालयाने संविधानविरोधी ठरवले.

लोकांचा रोष आणि लोकांचा विश्वास

हा संयम सुखासुखी आलेला नव्हता. १८०४ मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांच्यावर महाभियोग लादला. चेस तापट होते आणि न्यायासनावरून पक्षीय भाषणे करीत, हे खरे. परंतु चेस गेले की पाळी मार्शल यांची, हे सर्वांना दिसत होते. मार्शल त्या काळात इतके धास्तावले होते, की न्यायाधीशांवर महाभियोग चालवण्यापेक्षा विधिमंडळाने न बरे वाटणारे निकाल फिरवावेत, असा पर्याय त्यांनी चेस यांना खासगी पत्रात सुचवला. ज्यांनी नुकताच मार्बरीचा निकाल दिला होता, त्यांनीच हे लिहावे, यावरून भीतीची कल्पना येईल. सिनेटमधील ३४ पैकी २५ सदस्य जेफर्सन यांच्या पक्षाचे होते आणि दोषी ठरवण्यास २३ मते पुरेशी होती. तरीही कोणत्याही आरोपावर १९ पेक्षा अधिक मते पडली नाहीत. १ मार्च १८०५ रोजी चेस सुटले. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीश काढू नये, हे त्या दिवशी विरोधी पक्षातील काही सदस्यांनीच मान्य केले. न्यायालयाचे स्वातंत्र्य न्यायालयाबाहेरच्या माणसांनी राखले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

१८०७ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅरन बर यांच्यावर राजद्रोहाचा खटला रिचमंड येथे मार्शल यांच्यापुढे चालला. बर दोषी आहेत, असे जेफर्सन यांनी सुनावणीपूर्वीच काँग्रेसला कळवून टाकले होते. मार्शल यांनी राजद्रोहाची संविधानातील व्याख्या काटेकोरपणे लावली. प्रत्यक्ष कृती आणि तिचे दोन साक्षीदार हवेत. नुसता संशय किंवा दुष्कीर्ती पुरेशी नाही. बर सुटले आणि लोक संतापले. बाल्टिमोर शहरात जमावाने मार्शल यांचा पुतळा फासावर लटकवला. आरोपी प्रिय नसताना दिलेला असा निकाल त्या घटकेला लोकांना रुचत नाही. परंतु आपल्यावर पाळी आली तरी येथे पुराव्याशिवाय शिक्षा होणार नाही, हा विश्वास अशाच निकालांतून साठत जातो.

लोकमताचे महत्त्व मार्शल पुरते जाणून होते. १८१९ मध्ये राष्ट्रीय बँकेवर मेरीलँड राज्याने बसवलेला कर त्यांच्या न्यायालयाने अवैध ठरवला. आर्थिक मंदीचे दिवस होते आणि बँकेवर लोकांचा राग होता. व्हर्जिनियाच्या वृत्तपत्रांतून निकालावर झोड उठली. तेव्हा मार्शल यांनी टोपणनावाने लेख लिहून आपल्याच निकालाचे समर्थन केले. सरन्यायाधीशाने असे करावे का, याबद्दल आम्हाला शंका वाटते. परंतु निकालाला लोकांचे मन पटवावे लागते, ही जाणीव त्यातून दिसते. ओहायो राज्याला ते पटले नाही. त्याच वर्षी त्या राज्याच्या अधिकाऱ्यांनी बँकेच्या शाखेत शिरून लाखाहून अधिक डॉलर उचलून नेले. त्याबाबतचा अंतिम निवाडा १८२४ मध्ये लागला.

त्याच १८२४ साली मार्शल यांनी दिलेला एक निकाल मात्र जनतेने डोक्यावर घेतला. न्यूयॉर्कच्या पाण्यात आगबोटी चालवण्याचा मक्ता त्या राज्याने एकाच मंडळीला दिला होता. राज्याराज्यांतील व्यापारावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, या आधारावर न्यायालयाने तो मक्ता मोडला. बोटी वाढल्या, भाडी उतरली. ज्यांनी निकालपत्राची एक ओळही वाचली नव्हती, त्यांनाही न्यायालयाचा उपयोग कळला.

ज्यांना लोकांत धरले नाही, ते

येथवरचे चरित्र एका चढत्या कमानीसारखे आहे. पण त्या कमानीच्या सावलीत माणसे उभी होती. मार्शल गुलाम बाळगीत. आयुष्यभरात शेकडो माणसे त्यांच्या मालकीची होती. १८२५ मध्ये अँटिलोप नावाच्या जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांचा खटला त्यांच्यापुढे आला. गुलामांचा व्यापार निसर्गाच्या न्यायाविरुद्ध आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्याने तो निषिद्ध नाही, असे ठरवले. संविधानाचा एवढा खोल अर्थ लावणाऱ्या माणसाला आपल्याच अंगणातील अन्याय अन्याय म्हणून मोडता आला नाही. ज्यांच्या पूर्वजांना माणूस म्हणून मोजले गेले नाही, त्या आपल्यासारख्या वाचकांना हे वाचून थांबावे लागते.

चेरोकी या मूलनिवासी राष्ट्राची कथा याच धाग्यात येते. हे लोक जॉर्जिया आणि शेजारच्या प्रदेशांत राहत. सिक्वोया नावाच्या त्यांच्यातील एका माणसाने, ज्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते, १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेची लिपी घडवली. काही वर्षांतच सारा समाज साक्षर होऊ लागला. १८२७ मध्ये त्यांनी आपले लिखित संविधान केले आणि १८२८ मध्ये आपले वृत्तपत्र काढले. म्हणजे सुसंस्कृत होण्याची जी जी अट गोऱ्यांनी घातली होती, ती ती त्यांनी पुरी केली. तरीही त्यांच्या भूमीवर जॉर्जियाचा डोळा होता. तेथे सोने सापडल्यावर तो अधिकच लोभी झाला. १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या पुढाकाराने मूलनिवासींना पश्चिमेकडे हलवण्याचा कायदा झाला.

चेरोकींनी शस्त्र न उचलता वकील केला. त्यांचा पहिला अनुभव भयंकर होता. कॉर्न टॅसल नावाच्या चेरोकी माणसाला जॉर्जियाच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने राज्याला हजर राहण्यास फर्मावले; राज्याने ते फर्मान बाजूला सारून डिसेंबर १८३० मध्ये त्याला फासावर चढवले. १८३१ च्या दाव्यात मार्शल यांनी चेरोकींना परराष्ट्र मानण्यास नकार दिला आणि सुनावणीचा अधिकार आपल्याला नाही असे ठरवले. पुन्हा तोच सावध पवित्रा.

पुढच्या वर्षी सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्यांचे अपील आले. राज्याचा परवाना न घेता चेरोकी प्रदेशात राहिल्याबद्दल जॉर्जियाने त्यांना आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला चार वर्षे सक्तमजुरी दिली होती. ३ मार्च १८३२ रोजी शहात्तर वर्षांच्या मार्शल यांनी निकाल दिला. या वेळी वळण नव्हते. चेरोकी हे स्वतंत्र राजकीय समाज आहेत, त्यांच्या भूमीत जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, शिक्षा रद्द, असा तो नि:संदिग्ध निकाल होता.

जॉर्जियाने सुनावणीला वकीलसुद्धा पाठवला नव्हता. निकालानंतरही तिने कैदी सोडले नाहीत. जॅक्सन स्वस्थ बसले. त्यांच्या तोंडी घातलेले एक उद्दाम वाक्य पुढे फार प्रसिद्ध झाले. ते त्यांनी खरोखर उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. पण त्यांना काही बोलण्याची गरजही नव्हती. काहीच न करणे पुरेसे होते. जॅक्सन लोकप्रिय होते, जॉर्जियाच्या मतदारांना जमीन हवी होती आणि चेरोकींना मताचा अधिकार नव्हता. त्या शरद ऋतूत मार्शल यांनी आपले मित्र न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांना लिहिलेल्या पत्रात हे संविधान टिकेल याची आशा मावळत चालल्याचे कळवले.

जानेवारी १८३३ मध्ये तडजोड होऊन दोघे मिशनरी माफीवर सुटले. चेरोकींना मात्र माफी मिळाली नाही. १८३५ च्या अखेरीस त्यांच्यातील मूठभर लोकांकडून एका करारावर सह्या घेण्यात आल्या आणि १८३८ मध्ये सैन्याने सुमारे सोळा हजार माणसांना घराबाहेर काढून पश्चिमेकडे हाकलले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार मरण पावले, असा सर्वमान्य अंदाज आहे. त्या वाटेला अश्रूंची वाट असे नाव पडले. त्यांच्या बाजूचा सर्वोच्च निकाल तेव्हा सहा वर्षांचा झाला होता.

ही वाट पाहण्यास मार्शल उरले नव्हते. १८३१ च्या नाताळच्या दिवशी पत्नी गेल्या होत्या. ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले. आपल्या थडग्यावर काय कोरावे, हे त्यांनी मरणापूर्वी लिहून ठेवले होते. त्यात आईवडिलांची नावे, जन्म, विवाह आणि मृत्यू एवढेच आहे. सरन्यायाधीशपदाचा उल्लेख नाही.

आपल्यासाठी

अमेरिकेच्या संविधानात जे लिहिलेले नव्हते आणि मार्शल यांना अर्थ लावून मिळवावे लागले, ते आपल्या संविधानात लिहून ठेवलेले आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा शून्यवत ठरेल, असे कलम १३ सांगते. हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क कलम ३२ देते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कलमाला संविधानाचा प्राण मानीत. आणि सर्व नागरी व न्यायिक अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करावे, असे कलम १४४ बजावते. वूस्टर यांच्या निकालाची कथा वाचल्यानंतर या तिसऱ्या कलमाचे मोल कळते.

तरीही कलम म्हणजे पुन्हा कागदच. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. त्यावरून बाबासाहेबांवर दावा लावण्यात आला. तो दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. तळ्यावरील हक्क कायद्याने सिद्ध झाला. परंतु गावोगावच्या पाणवठ्यांवर त्यानंतरही किती वर्षे अडवणूक चालली, हे आपल्या आजी-आजोबांना विचारावे. उलट बाजूही आहे. १९५१ मध्ये मद्रास राज्याच्या जातवार जागावाटपाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तो निकाल मागासवर्गीयांना जाचणारा होता. तेव्हा संसदेने न्यायालयाचा हुकूम धुडकावला नाही. त्याच वर्षी संविधानात पहिली दुरुस्ती करून कलम १५ मध्ये नवे उपकलम घातले. निकालाशी मतभेद असेल तर तो कसा मांडावा, याचा हा नमुना आहे.

आम्हाला या चरित्रातून एवढेच सांगावयाचे आहे. न्यायालयाची ताकद त्याच्या इमारतीत नसते आणि निव्वळ कलमांतही नसते. आपल्याविरुद्ध गेलेला निकालही मानण्याची तयारी लोकांच्या मनात जेवढी असते, तेवढीच ती असते. मार्शल यांनी ती तयारी चौतीस वर्षे कणाकणाने वाढवली. पण त्या लोकांत चेरोकींची आणि गुलामांची गणनाच नव्हती, म्हणून त्यांच्या वेळी ती कामी आली नाही. न्याय दुर्बलापर्यंत पोहोचायचा असेल, तर दुर्बलाला आपला मानणारे लोक आधी हवेत.

आमचे विद्यार्थी उद्या वकील होतील, शिक्षक होतील, तलाठी होतील, पोलीस होतील. कोणाच्या तरी हक्काचा निकाल एखाद्या दिवशी कागदाच्या रूपाने त्यांच्या टेबलावर येईल. तो कदाचित त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या विरुद्ध असेल, कदाचित वरिष्ठांना नको असेल. तो कागद त्याच दिवशी पुढे जावा, इतकीच आमची त्यांच्याकडून अपेक्षा आहे.